‘मॅनियाक’चा रिमेक बघितल्यापासून दुकानाचा माळा चढवेना झालाय. आता जुना बघू का?

गणवेशवाला_नवीपेठ

प्रश्न दोनच आहेत, पण ते शेवटी येतील. आधी थोडं पाल्हाळ सहन करा.

सोलापुरात नवी पेठेत आमचं शाळेच्या गणवेशांचं आणि रेडिमेडचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी बावीस वर्षं झाली गल्ल्यावर बसतोय. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, विजापूरकडून येणाऱ्या पालकांशी मोडकंतोडकं कानडी. सिनेमातलं आपल्याला काही कळत नाही. आमच्याकडे सिनेमा म्हणजे हैदराबादचा, हिरोनं एका बुक्कीत दहा जण उडवले की पैसे वसूल. भुताखेताचं म्हणाल तर गड्ड्याच्या जत्रेतला भूतबंगला तेवढा बघितलेला. तिथंही सांगाड्याचा मुखवटा घातलेला पोरगा आमचंच गिऱ्हाईक निघाला. अंधारात अंगावर आला आणि म्हणाला, "मामा, नववीची पँट यंदा तीच आहे का बदलली ओ?"

तर मागच्या आठवड्यात आमच्या भागात पाण्याचा दिवस होता. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि आमच्या गल्लीचा नंबर लागतो रात्री दीड-दोनला. कुणीतरी जागं राहून मोटार लावायची असते. त्या रात्री पाळी माझी. भाचा पुण्याहून आला होता, इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "मामा, असा सिनेमा लावतो की झोप जवळ येणार नाही."

पाणी आलं, टाकी भरली, भरून वाहायला लागली, खालच्या काकूंनी दारावर थापा मारल्या तेव्हा आम्ही दोघं उठलो.

सिनेमा ‘मॅनियाक’, २०१२ चा. यात एलायजा वुड आहे, तोच तो ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला, अंगठी घेऊन डोंगरावर जाणारा निळ्या डोळ्यांचा फ्रोडो. लॉस एंजेलिसमध्ये याचं जुने पुतळे दुरुस्त करायचं दुकान आहे, घराण्याचा धंदा. आणि हा माणूस रात्री बायकांचे खून करतो, टाळूसकट केस काढून आणतो आणि दुकानामागच्या खोलीतल्या पुतळ्यांना बसवतो. खोलीत माश्या घोंगावत असतात. एवढंच असतं तर मी नाक मुरडून उठलो असतो. पण हे जवळजवळ सगळं आपल्याला त्याच्याच डोळ्यांतून दिसतं. तो स्वतः दिसतो ते आरशात नाहीतर काचेत. बाकी वेळ खाली दोन हात.

भाचा पहिली दहा मिनिटं हसत होता. मला हसू येईना, ते त्या हातांमुळे.

दुकानात आम्ही पुतळ्याला डमी म्हणतो. फायबरच्या डमीला फुल शर्ट घालायचा तर आधी दोन्ही हात खांद्यातून काढून बाजूला ठेवावे लागतात. हात जरा उचलून फिरवला की खाच सुटते. मग धडावर शर्ट चढवायचा, गळ्याकडून हात बाहीत सोडायचा आणि कॉलरखाली बोटं घालून आंधळ्यासारखं चाचपत खाच जुळवायची. टक् आवाज आला की बसला. पँट असेल तर कमरेतून दोन तुकडे, एक पाय वेगळा. शेवटी पाठीमागं जास्तीचं कापड चिमटीत धरून टाचण्या मारायच्या, म्हणजे रस्त्यावरून फिटिंग झकास दिसतं. पाठीमागून बघाल तर नुसत्या टाचण्या. हे मी झोपेतही करीन. आणि त्या सिनेमातले हात तसेच चालतात. पुतळ्याला हात लावताना घाई नाही, थरथर नाही. मी भाच्याला म्हणालो, "ह्याला काम येतं बे." भाचा सिनेमा सोडून माझ्याकडं बघायला लागला.

आमच्या माळ्यावर जुन्या चार लेडीज डमी आहेत. वडिलांनी मुंबईहून आणल्या होत्या, तेव्हा आम्ही साड्याही ठेवायचो. केसांचे टोप लावलेले आहेत. एकीचा टोप सारखा मागं सरकायचा म्हणून लहानपणी मीच फेव्हिकॉल लावून चिकटवला होता. त्यांच्यामागंच अठ्ठावीस नंबरच्या हाफ पँटचे गठ्ठे आहेत. गेले आठ दिवस अठ्ठावीस नंबर मागितला की मी कामाच्या पोराला वर पाठवतोय. पोरगा विचारायला लागलाय.

तर प्रश्न. एक, भाचा म्हणतो मूळ सिनेमा १९८० चा आहे आणि तो याहून भयंकर आहे. बघावा का? दोन, रक्त तर सगळ्याच असल्या सिनेमांत असतं, मग हाच एवढा का टोचला? भाच्याचं उत्तर "मामा, पीओव्ही", म्हणजे कॅमेरा त्या माणसाच्या डोळ्यांच्या जागी. ते मला पुरत नाही.

पडद्यामागचा_पुणेकर

जरूर बघा, पण जेवून लगेच नको.

१९८० चा ‘मॅनियाक’ विल्यम लस्टिगचा. हातात पैसे नाहीत, सोळा मिलिमीटरवर चित्रण, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी परवानगीशिवाय कॅमेरा लावलेला. नायक म्हणा, खलनायक म्हणा, जो स्पिनेल. त्याला तुम्ही ओळखता, नाव माहीत नसेल. ‘द गॉडफादर’मध्ये कोर्लिओनी घराण्याचा माणूस, ‘रॉकी’मध्ये रॉकीला वसुलीला पाठवणारा सावकार. देवीचे व्रण असावेत तसा खडबडीत चेहरा, थुलथुलीत शरीर, सतत घाम, आणि स्वतःशीच पुटपुटणं. पटकथेतही त्याचा हात होता. त्याचा फ्रँक झिटो बघताना पडद्यातून वास येतो, असं मी आमच्या चहाच्या टपरीवर कैक वेळा बोललोय.

रक्ताचं काम टॉम सॅव्हिनीचं. हा गृहस्थ व्हिएतनाम युद्धात छायाचित्रकार होता, तिथं डोळ्यांनी जे बघितलं ते नंतर रबरात आणि रंगात करत राहिला. तुमच्या धंद्याशी नातं सांगणारी गोष्ट म्हणजे, गाडीत बसलेल्या एका तरुणाच्या डोक्यावर बंदूक झाडली जाते तो तरुण सॅव्हिनी स्वतःच. फुटणारं डोकं म्हणजे त्याच्याच चेहऱ्याच्या साच्यातून काढलेली डमी, आणि स्पिनेलच्या जागी उभं राहून गोळी झाडणाराही तोच. स्वतःची डमी स्वतःच फोडली.

आता रिमेक. दिग्दर्शक फ्रँक खालफून, पटकथा अलेक्झांद्र आजा आणि ग्रेगरी लव्हासर यांची. फ्रेंच मंडळी आहेत. निर्मात्यांत खुद्द लस्टिगही आहे, म्हणजे घरच्यांच्या परवानगीनं झालेलं लग्न. २०१२ साली कान महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळात पहिल्यांदा दाखवला.

मी रिमेकचा शत्रू आहे हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. १९९८ साली ‘सायको’ शॉटला शॉट लावून पुन्हा काढला, तो कशासाठी हे मला आजवर उमगलेलं नाही. २००७ साली रॉब झोंबीनं ‘हॅलोवीन’चा रिमेक केला आणि त्यातल्या खुनी मायकेल मायर्सला बालपण दिलं. वाईट घर, वाईट सावत्र बाप, शाळेतली दादागिरी. मूळ सिनेमातल्या, जॉन कार्पेंटरच्या १९७८ च्या मायकेलला ‘का’ नव्हतं, म्हणून तो अंगावर येत होता. झोंबीनं त्याची केस-फाइल उघडून ठेवली. त्या मानानं खालफूननं हुशारी केली. कथा फारशी न बदलता बघणाऱ्याची खुर्ची बदलली.

न्यूझीलंडच्या सेन्सॉरनं रिमेकला महोत्सवाबाहेर बंदी घातली होती, आणि कारण दिलं ते नेमकं हेच, मारणाऱ्याच्या नजरेतून सगळं बघायला लावणं. म्हणजे तुम्हाला माळ्यावर जी भीती वाटली तिला सरकारी मान्यता आहे.

तरीही माझं मत जुन्याला. एलायजा वुड फार देखणा आहे. असा पोरगा जेवायला बोलवतो तर कुणीही जाईल.

गणवेशवाला_नवीपेठ

पुणेकर, आभारी आहे. पण शेवटचं वाक्य मला उलटंच वाटतं. कुणीही जाईल, हाच तर घोळ आहे. आमच्या दुकानात नीटनेटका, हळू बोलणारा माणूस आला की आम्ही उधारी देतो. बुडवतो तोच.

एक बावळट शंका. तो आरशात दिसतो तेव्हा कॅमेरा का दिसत नाही?

अँगल_अशोकचौक

मामा, हा माझ्या हद्दीतला प्रश्न. मी लग्नाची शूटिंग करतो, पूर्व भागातली निम्मी लग्नं माझ्याच कार्डात आहेत.

पार्लरमध्ये नवरी तयार होताना आरशाचा शॉट घ्यावाच लागतो. आपण तिरके उभे राहतो, म्हणजे आरशात ती दिसते, आपण नाही. पण इथं कॅमेरा म्हणजेच त्याचे डोळे, सरळ समोर उभा. तिरकं जमत नाही. अशा वेळी साधारण दोन वाटा असतात. एक, आरसाच नाही. चौकटीत मोकळं भोक, पलीकडं तशीच दुसरी खोली, तिथं नट तोंड करून उभा. अलीकडं त्याच्यासारखा दिसणारा दुसरा माणूस पाठमोरा, किंवा नुसते हात. दोघांनी एकदम हलायचं. दुसरी वाट, आरसा खरा ठेवायचा आणि कॅमेरा नंतर संगणकावर पुसायचा. या सिनेमात कुठल्या शॉटला कुठली वाट घेतली ते मी सांगू शकणार नाही, पण आरशातले शॉट मी पाच-सहा वेळा मागंपुढं करून बघितले, सांधा सापडला नाही. वुड म्हणे कॅमेऱ्याला चिकटून उभा राहायचा आणि लेन्सच्या दोन्ही बाजूंनी हात पुढं काढायचा. करून बघा एकदा. कॅमेरामनच्या काखेतून हात काढून चहाचा कप उचलायचा. मी पोराबरोबर करून बघितलं, कप फुटला.

आणि पीओव्हीचं म्हणाल तर ते नवीन नाही. ‘हॅलोवीन’ची सुरुवात आठवा. लांबलचक शॉट, कुणीतरी घरात शिरतंय, सुरी घेतंय, मुखवटा घालतंय, मग मुखवट्याच्या दोन भोकांतून दिसायला लागतं. शेवटी मुखवटा काढला तर सहा वर्षांचं पोर. तेव्हा पॅनाग्लाइड म्हणून कॅमेरा अंगावर बांधून स्थिर ठेवायचं साधन नवं आलं होतं, त्यावर केलं. आज आम्ही गिंबलवर, म्हणजे कॅमेरा हलू न देणाऱ्या दांड्यावर करतो तेच. त्यात पोराचा म्हणून जो हात दिसतो तो निर्माती डेब्रा हिलचा आहे. एका बाईचा हात, आणि सगळ्या जगानं मायकेलचा समजला.

पण तिथं तो शॉट ‘कोण आहे’ हे लपवायला होता. त्या काळच्या बऱ्याच खुनाच्या सिनेमांत कॅमेरा झाडाआडून बघायचा तो त्याचसाठी. इथं लपवायला काही उरलेलंच नाही. पहिल्या मिनिटापासून माहीत आहे कोण आहे. मग कॅमेरा आत का बसवला? मला वाटतं पळून जाता येऊ नये म्हणून.

चादर_ओढून_बघतो

सोलापूरकर असून एकानंही विचारलं नाही, ‘हॅलोवीन’मध्ये मायकेल अंगावर पांढरी चादर घेऊन, वरून चष्मा लावून दारात उभा राहतो ती चादर कुठली? आपली असती तर जाड जॅकार्ड, वर मोर. पोरगीनं आधी भाव विचारला असता.

गिरिजा_जुळेसोलापूर

चादरवाले, हसले. आता जरा गंभीर बोलू का?

मी दोन्ही सिनेमे बघितलेत. वर चार पुरुष बोललेत: हात कसे चालतात, आरशात कॅमेरा का दिसत नाही, डोकं कसं फोडलं. ज्यांचे केस जातात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. मी भांडायला आलेली नाही. मला यातच त्या रिमेकची गंमत वाटते.

जुन्यात नर्सचा प्रसंग आहे. रात्रीची पाळी संपवून ती भुयारी रेल्वेच्या स्टेशनात शिरते, मागं हा. ती पळते, बायकांच्या स्वच्छतागृहात शिरते, दार लावून आत उभी राहते. तो सगळा वेळ आपण तिच्याबरोबर असतो. पावलं ऐकायची आपणही. ती श्वास धरते, आपणही धरतो. सिनेमा गलिच्छ आहे, मान्य, पण त्या पाच-सात मिनिटांत तो तिच्या बाजूचा असतो.

रिमेकमध्ये तसा प्रसंग आहेच, नाचणारी मुलगी, भुयारी रेल्वे, नंतर गाड्यांचं पार्किंग. पण आता आपण मागच्या पावलांत. ती लपली तर आपण शोधतो. सापडली तर, खरं सांगा, क्षणभर सुटल्यासारखं वाटतं की नाही? शोधायचं काम संपलं म्हणून.

मी कॉलेजात असताना सात रस्त्यापासून एक माणूस मोटारसायकल हळू चालवत माझ्या मागं आला होता. संध्याकाळचे साडेसात. मी एका मेडिकलमध्ये शिरले आणि वीस मिनिटं एकेका गोळीचा भाव विचारत उभी राहिले. दुकानदार कंटाळला, पण काही बोलला नाही. तो माणूस समोरच्या पानटपरीवर. मला त्याचा चेहरा आठवत नाही, कारण मी त्याच्याकडं बघितलंच नाही. बघितलं की त्याला निमित्त मिळतं, हे आम्हाला सातवी-आठवीतच कळलेलं असतं. रिमेक बघताना पहिल्यांदा वाटलं, अच्छा, तिकडून असं दिसत असणार. मेडिकलचा पांढरा दिवा आणि पाठमोरी मी.

म्हणून गणवेशवाले दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. जुन्यात घाबरायला कुणीतरी बरोबर असतं. नव्यात तुम्ही एकटे, आणि तेही चुकीच्या माणसाच्या कातड्यात.

जुना बघाच. बघून झाल्यावर नवा पुन्हा एकदा बघा, पण हातांकडं नका बघू.

पडद्यामागचा_पुणेकर

गिरिजा, नर्सच्या प्रसंगाबद्दल पटलं. बाकी जुन्याची वकिली एवढ्यावरून करता येणार नाही हेही कबूल. तिच्या बाजूनं उभा राहणारा तो सिनेमा पोस्टरवर मात्र पुरुषाची कंबर, एका हातात सुरा आणि दुसऱ्या हातात केस, एवढंच दाखवतो. रिमेकमध्ये ते पोस्टर गाडीच्या दारावरच्या प्रतिबिंबात हुबेहूब उभं केलंय. मी ते बघून टाळी वाजवली होती. आता तुमचं वाचून ती टाळी जरा अवघड वाटतेय.

गणवेशवाला_नवीपेठ

सहा दिवसांनी येतोय. पाण्याचा दिवस चुकला, एक दिवस पुढं गेला, त्यामुळं सिनेमाही पुढं गेला. या वेळी मोबाइलवर दोन वाजताचा गजर लावून बसलो. भाचा पुण्याला गेलाय, एकट्यानं बघितला.

जुना १९८० चा. पुणेकर म्हणतात तसा वास येतो, खरंय. पण सांगू का, मला भीती कमी वाटली आणि कीव जास्त आली. तो जो स्पिनेल पलंगावर पडून रडतो, बडबडतो, आईचं काहीतरी काढतो, मी मनात म्हणत होतो, याला कुणीतरी डॉक्टरकडं न्या रे. बायको उठून आली आणि टीव्हीकडं बघून म्हणाली, "हा कोण, आपल्या वसुलीला येतो त्याच्यासारखा दिसतो." आवाज बारीक केला.

आणि एक धंद्यातली चूक सापडली. हा केस बसवताना पुतळ्याच्या डोक्यात हातोडीनं खिळा मारतो. हातोडीनं! आमच्याकडं असं केलं तर फायबर कपाळापासून तडकेल. वडिलांनी मुस्काटात मारली असती. नव्यात तो स्टेपलची बंदूक वापरतो. तेव्हाच कळलं की मला नेमकं काय टोचत होतं. जुन्यातला माणूस वेडा आहे आणि त्याच्या खोलीत पुतळे आहेत. पुतळ्यांऐवजी मांजरं असती तरी त्याचं चाललं असतं. नव्यातला माणूस दुकानदार आहे. दुकान आईबापाकडून आलेलं, गिऱ्हाईक कमी, माल जुना, तो टाकवत नाही, काचेमागं लावलेलं रोज पुसायचं. फोटो काढणारी ती ॲना दोन्ही सिनेमांत आहे. जुन्यात ती बागेत याचा फोटो काढते आणि मग याच्याबरोबर जेवायला जाते, ते मला काही केल्या पटलं नाही. नव्यात ती काचेबाहेर उभी राहून पुतळ्यांचे फोटो काढत असते आणि हा आतून बघतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मालाची कदर केली. तो तिच्याशी पुतळ्यांबद्दल बोलतो तेव्हा मला तो आवडला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आवडला. बावीस वर्षांत आमची काच बघून कुणी आत येऊन म्हणालं नाही, की टाचण्या छान मारल्यात.

भाच्याचं ‘पीओव्ही’ अर्धंच उत्तर होतं ते यासाठी. नुसते डोळे उसने देऊन भागलं नसतं. त्यांनी त्याला हातात काम दिलं, आणि ते काम मला येतं.

आता गिरिजाताईंचं. तुम्ही सांगितलंत तसा नवा पुन्हा लावला. सगळा नाही झाला, पाणी आलं. पण सुरुवातीचा भाग बघितला. इंटरनेटवर ओळख झालेली लाल केसांची बाई त्याच्याबरोबर जेवायला येते, तो प्रसंग. ती समोर बसून थेट आपल्याकडं बघून बोलते. म्हणते, मला वाटलं होतं तू जाडा असशील, तेलकट लांब केसांचा असशील. (पुणेकर, हा जुन्या स्पिनेलला टोमणा आहे ना? पहिल्यांदा मला कळला नव्हता.) हसते छान. जरा घाबरलेली आहे, पण ते दाखवायचं नाही म्हणून जास्त बोलते. हे सगळं पहिल्या वेळी माझ्या डोळ्यांसमोरच झालं होतं की. मी बघितलं काय, तर ग्लासाजवळचे त्याचे हात.

तिचं नाव काय होतं ते मला आताही सांगता यायचं नाही. पण कापायला सुरुवात कुठून केली ते बरोबर सांगतो.

मोटार लावायला वर गेलो आणि गच्चीवर पाण्याच्या आवाजात बराच वेळ बसलो.

अँगल_अशोकचौक

मामा, वसुलीवाल्याला हा धागा दाखवू नका.

गिरिजा_जुळेसोलापूर

लूसी. तिचं नाव लूसी.

दादा, प्रामाणिक लिहिलंत. अठ्ठावीस नंबरचं काय झालं मग?

गणवेशवाला_नवीपेठ

काल मीच वर गेलो. जावंच लागलं, जूनचा माल उतरवायला सुरुवात झाली, आणि कामाच्या पोरानं सांगितलं की तोही आता एकटा जाणार नाही. त्याला भाच्यानं फोनवर सगळी गोष्ट सांगून ठेवलीय.

चौघी भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. मी तसं ठेवलं नव्हतं. विचारलं तर पोरगा म्हणाला, "मामा, मीच फिरवल्या, बघत होत्या." धूळ इतकी की केसांचा रंग कळत नव्हता. मी चिकटवलेला टोप अजून पक्का आहे, तीस वर्षांत हललेला नाही. बाकीच्या तिघींचे हातात आले. गठ्ठे काढले, खाली आलो.

आता एक कामाचं. या चारही डमी काढून टाकायच्या आहेत. हात-पाय सगळे शाबूत, एकीचं डावं मनगट ढिलं आहे, स्टँड दोनच आहेत. शिवणक्लास, ब्युटी पार्लर, कुणालाही चालतील. पैशाचं बघू.

गिरिजा_जुळेसोलापूर

माझ्या जावेचा ब्लाउजचा क्लास आहे, तिला एक हवी आहे. पण हल्ली सगळीकडं बिनडोक्याच्या असतात ना, तिला तशीच हवी. डोकं काढता येतं का?

गणवेशवाला_नवीपेठ

येतं की. मानेपाशी खाच आहे, डावीकडं फिरवून उचलायचं. चिकटवलेला टोप असलेलीच तेवढी निघत नाही, ती मी ठेवून घेतो.